दुष्काळात पाचवा डाउन

मिसूरी राज्यातल्या माणसाशी बोलताना पाच हा आकडा जपून उच्चारावा. चार चालतो, सहाही चालतो. पाच म्हटलं की इतका वेळ हसतखेळत बोलणारा गृहस्थ एकदम गप्प होतो, आणि मग एकदा सुरू झाला की अर्धा तास गप्प होत नाही. शत्रूलाही क्षमा करावी असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि तो ती करतोही. फक्त ६ ऑक्टोबर १९९० च्या पंचांना त्यातून वगळलेलं असतं.

अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेल्या दांडगटांनी एका लंबगोल चेंडूवर रचलेला ढीग, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडी बाराखडी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. चारात जमलं तर नवे चार, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. बाकीचे नियम इतके आहेत की ते सगळे खुद्द पंचांनाही आठवत नाहीत, हे पुढे येईलच. पण चार म्हणजे चार, याबद्दल आजवर कुणाचं दुमत नव्हतं.

त्या शनिवारी मिसूरीच्या कोलंबिया गावात कोलोरॅडो विद्यापीठाचा संघ आला होता. सामना संपायला अर्धं मिनिट उरलेलं, मिसूरी ३१-२७ ने पुढे आणि कोलोरॅडो गोलरेषेपासून तीन यार्डांवर. पहिल्या डाउनला संघाच्या चाली चालवणाऱ्या क्वार्टरबॅक चार्ल्स जॉन्सनने चेंडू जमिनीवर आपटला. हे मुद्दाम करतात. एक डाउन फुकट जातो, पण घड्याळ थांबतं. दुसऱ्या डाउनला एरिक बिएनेमी चेंडू घेऊन घुसला, पण रेषेच्या यार्डभर अलीकडे त्याला पाडलं. कोलोरॅडोने उरलासुरला टाइमआउट घेतला.

आता काठीवाला. कितवा डाउन चालू आहे हे दाखवायला मैदानाच्या कडेला एक माणूस काठी धरून उभा असतो. काठीच्या टोकाला आकड्यांच्या पाट्या. डाउन झाला की पाटी हाताने पलटायची. एवढा मोठा खेळ, कोट्यवधी डॉलर, टीव्हीच्या कॅमेऱ्यांचं जंगल, आणि हिशेब कसला तर या पाटीचा. टाइमआउटच्या गडबडीत दोनाची पाटी पलटून तीन करायची राहून गेली. मैदानात पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेले सात पंच होते. सातांपैकी कुणालाही ते कळलं नाही.

मग तिसरा डाउन झाला, तो दुसरा म्हणून. बिएनेमी पुन्हा अडला. मग चौथा झाला, तिसरा म्हणून. जॉन्सनने चेंडू पुन्हा जमिनीवर आपटला, घड्याळात दोन सेकंद. खरं तर सामना इथेच संपला होता. पण पाटी म्हणाली, अजून एक आहे. पाचव्या डाउनला जॉन्सन स्वतःच चेंडू पोटाशी धरून घुसला आणि पंचांनी टचडाउन दिला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्याचे गुण. कोलोरॅडो ३३, मिसूरी ३१. जॉन्सन रेषा ओलांडून पडला की अलीकडे, यावर मिसूरीवाले अजून भांडतात. म्हणजे जो डाउन मुळात नव्हताच, त्यातही आपल्याला फसवलं अशी दुहेरी तक्रार.

पुढे काय झालं? सातही पंच निलंबित झाले. निकाल तसाच राहिला. मोसमाच्या शेवटी एका मतदानात जॉर्जिया टेक देशात पहिलं आलं आणि दुसऱ्यात कोलोरॅडो, म्हणजे काठीवरच्या एका पाटीने राष्ट्रीय विजेतेपदाचा अर्धा वाटा मिळवून दिला. कोलोरॅडोचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी तरुणपणी खुद्द मिसूरीकडून खेळलेले. माहेरच्या माणसाने थोडी तरी शरम बाळगावी, तर त्यांनी मैदान निसरडं होतं अशी उलटी तक्रार केली. पश्चात्ताप व्यक्त केला तो १९९८ साली.

कोलोरॅडोच्या चाहत्याचं उत्तर मात्र ऐकण्यासारखं असतं. तो म्हणतो, पाटीवर तीन लिहिलं होतं म्हणून आम्ही चेंडू आपटून एक डाउन वाया घालवला. खरा आकडा दिसला असता तर आम्ही चौथ्यालाच घुसलो असतो. मुद्दा बिनतोड आहे. मिसूरीच्या माणसासमोर मात्र तो मांडू नये.

मिसूरीचा दुष्काळ एवढ्यावर संपला असता तर ठीक. १९९७ साली त्याच मैदानावर नेब्रास्का हरत आली असताना अगदी शेवटच्या क्षणी त्यांच्या शेविन विगिन्सच्या हातून चेंडू निसटला, खाली पडता पडता त्याने तो पायाने उडवला आणि मॅट डेव्हिसनने जमिनीला लागायच्या आत झेलला. चेंडू मुद्दाम लाथाडणं नियमात बसत नाही. मुद्दाम की चुकून हे ठरवायला पंचांकडे एक क्षण होता आणि तो त्यांनी नेब्रास्काला दिला. बरोबरी झाली, जादा वेळेत नेब्रास्का ४५-३८ ने जिंकली आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदात वाटेकरी झाली. दुसऱ्याला विजेतेपदं वाटायचं कंत्राट असलेलं हे मैदान आहे.

पाचव्या डाउनचा जुना अवतारही आहे आणि त्याने सगळ्यांची पंचाईत करून ठेवली आहे. १६ नोव्हेंबर १९४० ला कॉर्नेल विद्यापीठ डार्टमथशी खेळत होतं. कॉर्नेल अठरा सामने अपराजित. शेवटच्या क्षणांत डार्टमथ ३-० ने पुढे. कॉर्नेलचे चार डाउन संपले, पण रेफरी रेड फ्रीझेल यांचा हिशेब चुकला आणि पाचव्यावर कॉर्नेलने टचडाउन करून ७-३ असा सामना जिंकला. सोमवारी सामन्याची फिल्म पाहिली तेव्हा सगळं उघड झालं. फ्रीझेल यांनी चूक कबूल केली, आणि कॉर्नेलने काय करावं? डार्टमथला तार पाठवली की विजय तुमचा. डार्टमथने तो स्वीकारला आणि नोंद झाली ३-०. कॉर्नेलचे अध्यक्ष एडमंड एझ्रा डे हे स्वतः डार्टमथचे माजी विद्यार्थी होते, हा तपशील कॉर्नेलवाले जरा हळू आवाजात सांगतात.

ही गोष्ट अमेरिकेत प्रत्येक चाहत्याला आवडते. सांगताना डोळे पाणावतात. खेळाडूवृत्ती म्हणजे हीच, असं म्हणतात आणि मान डोलावतात. अगदी असंच वागलं पाहिजे. समोरच्या संघाने.

माझा एक मावसभाऊ मिशिगन विद्यापीठात एमएस करायला गेला आणि तिकडेच नोकरीला लागला. पुण्यात होता तेव्हा अत्यंत समतोल माणूस. सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणातही दोन्ही बाजू ऐकून घ्यायचा. आता त्याच्या फोनमध्ये एक फोटो आहे. मुलीच्या बारशाचा फोटो शोधायला त्याला दहा वेळा बोट फिरवावं लागतं. हा एका स्पर्शात निघतो. २६ नोव्हेंबर २०१६, ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. एक लाखाच्या वर माणसं मैदानात. दुसरा जादा डाव, मिशिगन २७-२४ ने पुढे, ओहायोचा चौथा डाउन आणि एक यार्ड हवा. क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट धावला आणि स्वतःच्याच साथीदाराच्या पाठीवर आदळून पडला. पंधरा यार्डांच्या रेषेवर चेंडू पोचला का? पंचांनी सांगितलं पोचला. व्हिडिओ पुन्हा पाहूनही निर्णय बदलला नाही. पुढच्याच खेळीत कर्टिस सॅम्युअल पंधरा यार्ड पळत गेला आणि सामना ३०-२७ ने संपला. या जागेला आता मिशिगनमध्ये नुसतं 'द स्पॉट' म्हणतात. कुठला, असं कुणी विचारत नाही.

फोटो असा दिसतो: राखाडी पँट, पांढरी पँट, तीन हेल्मेटं, एक कोपर. कोपराखाली कुठेतरी चेंडू आहे. भाऊ दोन बोटांनी तो मोठा करतो. मोठा केल्यावर पँट मोठी होते, चेंडू दिसत नाही. "बघ, दिसला? रेषेच्या अलीकडे आहे ना?" आपण हो म्हणतो, कारण नाही म्हटल्यावर दुसरा फोटो येतो. आतून वहिनीचा आवाज येतो, "झाला का रे दाखवून तो ढुंगणांचा फोटो? पोळ्या गार होतायत."

मिशिगनचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांनी पत्रकारांसमोर पंचांना इतकं सुनावलं की बिग टेन परिषदेने, म्हणजे मिशिगन ज्या गटात खेळतं त्या गटाने, विद्यापीठाला १०,००० डॉलर दंड केला. भावाच्या मते हा पुरावाच आहे. खोटं बोलला असता तर दंड कशाला केला असता? या तर्कशास्त्रापुढे मी नेहमीच शरण जातो.

मिशिगनवाल्यांकडे अशा जखमांचा मोठा साठा असतो. ज्येष्ठ मंडळी १ जानेवारी १९७९ च्या रोझ बोलपासून सुरू करतात. यूएससीचा, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, चार्ल्स व्हाइट गोलरेषेकडे झेपावला. तो रेषेपलीकडे गेला खरा, पण चेंडू तीन यार्ड अलीकडेच सुटून मागे राहिला होता. पंचांनी तरीही टचडाउन दिला. यूएससी १७, मिशिगन १०. त्याहून तरुण मंडळी २००१ पासून सुरू करतात. मिशिगन स्टेटच्या मैदानावर शेवटच्या क्षणी यजमानांच्या क्वार्टरबॅकने चेंडू आपटला आणि घड्याळ नेमकं एका सेकंदावर थांबलं. त्या एका सेकंदात टचडाउन झाला, मिशिगन २६-२४ ने हरली. घड्याळ चालवणारा गृहस्थ यजमानांचा. मिशिगनवाल्यांनी त्याचं नाव 'स्पार्टन बॉब' ठेवलं आणि तो माणूस त्याच नावाने अजरामर झाला. पुढे बिग टेनने घड्याळ यजमानांच्या हातून काढून तटस्थ माणसाकडे दिलं.

एका सेकंदाचं हे दुःख ऐकून घेतल्यावर मी भावाला एकदा सहज विचारलं, आणि १५ ऑक्टोबर २००५? तो म्हणाला, त्याचं काय? त्या दिवशी पेन स्टेटविरुद्ध मिशिगनचे प्रशिक्षक लॉइड कार यांनी पंचांना गळ घालून घड्याळात दोन सेकंद परत टाकून घेतले होते, आणि सामन्याच्या अगदी शेवटच्या खेळीत टचडाउन करून मिशिगन २७-२५ ने जिंकली. पेन स्टेट त्या मोसमात हरली ती तेवढी एकदाच. भाऊ म्हणाला, "ते सेकंद आमचेच होते." एक सेकंद गेला तर चोरी, दोन आले तर वसुली.

घड्याळाच्या जखमा तशा सगळीकडेच सापडतात. १९७२ साली लुइझियाना स्टेटने ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाला, १७-१६ ने हरवलं तेव्हा त्यांच्या एका खेळीला घड्याळाने फारच थोडे सेकंद घेतले, असं मिसिसिपीवाल्यांचं ठाम मत. सांगतात की नंतर राज्याच्या सीमेवर पाटी लागली होती: लुइझियानात शिरताना आपली घड्याळं चार सेकंद मागे करा. खरी असो नसो, असली पाटी लावावी तर पुणेकरांनी, असा आपला समज होता. तो सोडावा लागतो.

नेब्रास्काची गोष्ट वेगळी. २००९ च्या बिग ट्वेल्व्हच्या अंतिम सामन्यात टेक्सासविरुद्ध ते १२-१० ने पुढे होते. टेक्सासच्या कोल्ट मॅकॉयने चेंडू मैदानाबाहेर फेकला आणि घड्याळात शून्य लागलं. नेब्रास्काचे खेळाडू नाचत मैदानात आले. पंचांनी व्हिडिओ पाहून सांगितलं, एक सेकंद शिल्लक आहे. त्या सेकंदात हंटर लॉरेन्सने ४६ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. टेक्सास १३, नेब्रास्का १२. यातली गंमत अशी की निर्णय बरोबर होता. चित्रफितीत सेकंद स्पष्ट दिसतो. पण जखमांच्या यादीत नाव लागायला निर्णय चुकीचा असावाच लागतो असं नाही. आपण हरलेलं असणं पुरतं.

आणि इथेच मला या लोकांचं मर्म सापडतं असं वाटतं. संघ वाईट खेळून हरला तर त्या हारीचं करायचं काय? ती गिळावी लागते, विसरावी लागते. पंचांनी हरवलं असेल तर मात्र ती हार राहत नाही, तो अन्याय होतो, आणि अन्याय मुलानातवंडांना देता येतो. चाळीस गुणांनी हरलेले सामने कुणाला आठवत नाहीत. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? २००८ च्या सिडनी कसोटीत सायमंड्सच्या बॅटची कड स्टीव्ह बकनर यांना ऐकू आली नाही, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असतं. सायमंड्सने नाबाद १६२ केल्या, हेही ठाऊक असतं. शेवटच्या दिवशी आपले तीन गडी एकाच षटकात मायकेल क्लार्कने घेतले, हे कुणाला विचारून बघा.

स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या शेजाऱ्यांनी तर या भानगडीवर तोडगाच काढला आहे. १९८२ साली चार सेकंद उरले असताना स्टॅनफर्ड २०-१९ ने पुढे होतं. कॅलिफोर्नियाच्या पोरांनी चेंडू पाच वेळा एकमेकांकडे मागे फेकत पळवला. सामना संपला समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात घुसलेला, त्यातून वाट काढत केविन मोएन गोलरेषेपार गेला आणि एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवा करूनच थांबला. पंचांनी डोकी एकत्र आणून बरीच खलबतं केली आणि टचडाउन दिला: २५-२०. स्टॅनफर्डचं म्हणणं, मध्येच एकाचा गुडघा टेकला होता. काही दिवसांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियाच्या विद्यार्थी वर्तमानपत्राचा हुबेहूब नकली अंक छापून तिकडे वाटला. मथळा असा की सामना स्टॅनफर्डला बहाल. या दोघांत एका कुऱ्हाडीचा फिरता चषक आहे, त्यावर सगळे निकाल कोरलेले. कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे आली की १९८२ पुढे २०-१९ लावतात, कॅलिफोर्नियाकडे गेली की पुन्हा २५-२०. चाळीस वर्षं हे चालू आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांबद्दल आपण उगाच भांडतो.

पेन स्टेटविरुद्ध मिशिगनला दोन सेकंद मिळाले त्याच दिवशी नॉट्र डेमच्या मैदानावर यूएससीचा मॅट लायनार्ट गोलरेषेवर अडकला आणि मागून रेजी बुशने त्याला ढकलून आत पाठवलं. चेंडूवाल्याला असं ढकलणं तेव्हा नियमबाह्य होतं. पंचांनी काहीच केलं नाही, यूएससी ३४-३१ ने जिंकली. पुढे बुशने नियम मोडून आर्थिक फायदे घेतल्याचं निघालं आणि एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने यूएससीचे २००५ चे सगळे विजय रद्द केले. म्हणजे नॉट्र डेमला न्याय मिळाला म्हणायचा? तर नाही. यूएससीचा विजय पुसला, नॉट्र डेमचा पराभव तसाच ठेवला. आणि २०१३ साली ढकलायला चक्क परवानगीच दिली.

व्हिडिओ आला की हे सगळं थांबेल असं वाटलं होतं. सप्टेंबर २००६ मध्ये ओरेगनविरुद्ध ओक्लाहोमा ३३-२० ने पुढे होतं, शेवटची दोनेक मिनिटं. ओरेगनने एक टचडाउन केला आणि चेंडू स्वतःच पुन्हा पकडता यावा म्हणून जवळच मारला. दहा यार्ड जायच्या आत त्यांच्या खेळाडूने त्याला हात लावला, हे एक. चेंडू शेवटी ओक्लाहोमाच्या हातात होता, हे दुसरं. मैदानातले पंच ढिगातली माणसं उपसून चेंडू शोधत होते आणि ओक्लाहोमाचा एक खेळाडू शेजारीच तो घेऊन उभा होता. व्हिडिओ पाहून निर्णय झाला: चेंडू ओरेगनचा. ओरेगन ३४-३३ ने जिंकली. ओक्लाहोमा विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन हे राज्याचे माजी राज्यपाल, सेनेटच्या गुप्तवार्ता समितीचे माजी अध्यक्ष. देशाची गुपितं पोटात ठेवलेल्या या माणसाला हे पोटात ठेवता आलं नाही. हा सामना नोंदीतूनच पुसून टाका, अशी त्यांनी लेखी मागणी केली. ती मान्य झाली नाही. पंचांना एका सामन्यापुरतं घरी बसवलं. व्हिडिओ पाहणाऱ्या पंचाला मात्र जिवे मारण्याच्या धमक्यांचे फोन आले, आणि इथे विनोद थांबतो.

२०१५ मध्ये मायामीने ड्यूकविरुद्ध शेवटच्या खेळीत चेंडू आठ वेळा मागे फेकत टचडाउन केला. मध्ये एकाचा गुडघा टेकला होता. पंचांनी नऊ मिनिटं व्हिडिओ पाहिला आणि तो त्यांना दिसला नाही. परिषदेने पंचांना दोन सामने निलंबित केलं आणि चूक जाहीर कबूल केली. निकाल मायामी ३०, ड्यूक २७ असाच. पुढच्या वर्षी ओक्लाहोमा स्टेटचा सामना संपलेला असताना पंचांनी सेंट्रल मिशिगनला एक जादा खेळी बहाल केली, त्यावर ते जिंकले. पुन्हा निलंबन, पुन्हा निकाल कायम. बैल गेल्यावर झोपा करण्यात या मंडळींचा हात धरणारं कुणी नाही.

तेव्हा मुलामुलीला अमेरिकेत शिकायला पाठवणाऱ्या पालकांना एक कळकळीची विनंती. फी बघा, हॉस्टेल बघा, व्हिसाचं बघा, पण अर्ज भरण्याआधी त्या विद्यापीठावर कुठल्या साली कुठला अन्याय झालाय तेही विचारून घ्या. पदवी दोन वर्षांत पदरात पडते, अन्याय मात्र घरात कायमचा राहायला येतो. ड्यूक असेल तर एक गुडघा सांभाळावा लागेल. नेब्रास्का असेल तर एक सेकंद. मिशिगन असेल तर टू बीएचकेवर भागायचं नाही.